हाकेला ओ कोण देणार? आखाती तख्तांच्या संरक्षणाची गोष्ट

९ सप्टेंबर २०२५ च्या दुपारी कतारची राजधानी दोहा स्फोटांनी हादरली. इस्रायलच्या विमानांनी शहरातल्या एका निवासी भागात मारा केला होता. लक्ष्य होते हमासचे वाटाघाटी करणारे नेते. ते वाचले. हमासचे पाच जण आणि कतारच्या सुरक्षा दलाचा एक जवान मारले गेले. आपल्याला अमेरिकेचा फोन आला तेव्हा स्फोटांचे आवाज ऐकू येत होते, असं कतारच्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं.

दोह्याच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर अल उदैद हा हवाई तळ आहे. पश्चिम आशियातला अमेरिकेचा हा सर्वांत मोठा तळ. सुमारे १०,००० माणसं तिथे असतात. तळ उभारायला आणि वाढवायला कतारनं पदरचे अब्जावधी डॉलर घातले आहेत. २३ जून २०२५ रोजी इराणनं याच तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती, कारण आदल्याच दिवशी अमेरिकेनं इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले होते. ती क्षेपणास्त्रं बहुतेक वाटेतच पाडली गेली. सप्टेंबरमध्ये मात्र काहीच पाडलं गेलं नाही. तीन महिन्यांच्या आत कतारवर दोनदा हल्ला झाला: एकदा रक्षक घरात होता म्हणून, आणि दुसऱ्यांदा रक्षक घरात असूनही.

अरब जगात आज आठ राजेशाह्या उरल्या आहेत. सौदी अरेबिया, कुवेत, बहारीन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान या आखातातल्या सहा. शिवाय जॉर्डन आणि मोरोक्को. त्यांच्या परराष्ट्र धोरणावर लिहिताना तेल, इस्लाम, इराण, इस्रायल असे शब्द आपल्याकडे सहज येतात. माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी एक साधा, जुना प्रश्न आहे. संकट आलं आणि हाक मारली, तर येणार कोण? गेली दोनशे वर्षं या घराण्यांनी आपलं रक्षण बाहेरच्यावर सोपवलं. रक्षक बदलत गेले, आणि प्रत्येकानं कधी ना कधी पाठ फिरवली. त्यातून आजचे राजे जे शिकले आहेत, त्याचे परिणाम मुंबईच्या बंदरापर्यंत आणि कोकणातल्या घराघरांपर्यंत पोचतात. म्हणून हा विषय परका नाही.

किंबहुना या गोष्टीचं पहिलं पान मुंबईतच लिहिलं गेलं. १८१९ च्या अखेरीस मेजर जनरल विल्यम केअर ग्रँट यांच्या हाताखाली मुंबईहून एक आरमार निघालं. गोरे सैनिक होते, तसे मुंबई इलाख्याच्या नेटिव्ह पलटणीचे शिपाईही होते. मिळून सुमारे ३,००० माणसं. लक्ष्य होतं रास अल खैमा, अल कासिमी घराण्याचं बंदर. ईस्ट इंडिया कंपनीच्या मते हे चाच्यांचं ठाणं होतं. डिसेंबरात तोफांनी बंदर भाजून काढलं, किनाऱ्यावरची जहाजं जाळली आणि जानेवारी १८२० मध्ये एकेका शेखाकडून तहावर सह्या घेतल्या. पुढे याच घराण्यातले शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी मुंबई सरकारच्या जुन्या दफ्तरांचा आधार घेऊन एक पुस्तक लिहिलं आणि चाचेगिरीचा आरोप कंपनीनं आपल्या व्यापारी हितासाठी रचला होता, अशी मांडणी केली. ज्या शहरातून तोफा निघाल्या, त्याच शहराच्या कागदांतून त्यांनी आपल्या पूर्वजांची बाजू उभी केली. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. पण कागद पुन्हा उघडून वाचण्याची ही जिद्द मला फार मोलाची वाटते.

१८२० च्या तहानंतर १८५३ मध्ये कायमचा सागरी तह झाला. १८९२ मध्ये या शेखांनी लिहून दिलं, की ब्रिटिशांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी आम्ही बोलणी करणार नाही. १८९९ मध्ये कुवेतच्या शेख मुबारक यांनी तसाच गुप्त करार केला. त्याबद्दल त्यांना १५,००० मिळाले, तेही रुपये. आखाताचा कारभार पाहणारा ब्रिटिश रेसिडेंट इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसायचा आणि १८७३ पर्यंत त्याचे हुकूम मुंबई सरकारकडून जायचे, नंतर कलकत्त्याहून. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे, आणि तिथल्या बाजारात चलन म्हणून आपलाच रुपया चालायचा. स्वातंत्र्यानंतरही चालत राहिला. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतनं १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, तेव्हा कतार आणि दुबईनंही रुपया सोडला.

या व्यवहाराचा सांगाडा सोपा होता. शेखानं परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या हाती द्यायचा. ब्रिटिशांनी बाहेरच्या शत्रूपासून त्याची जमीन आणि घरातल्या भाऊबंदांपासून त्याची गादी सांभाळायची. यातला दुसरा भाग करारात ठळक लिहिलेला नसे, पण शेखाला तोच अधिक महत्त्वाचा वाटे. नाराज झाल्यावर गादीवरचा माणूस बदलायलाही ब्रिटिश कचरत नसत. ओमानमध्ये २३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस वडिलांना बाजूला सारून गादीवर आले, ते ब्रिटिशांच्या मदतीनंच.

आणि मग रक्षक निघून गेला. तो कसा गेला, हे आखातातली राजघराणी विसरलेली नाहीत. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनचे मंत्री गोरोन्वी रॉबर्ट्स आखातात फिरून एकेका शासकाला सांगून आले, की आम्ही इथेच आहोत, काळजी नसावी. जानेवारी १९६८ मध्ये तेच गृहस्थ पुन्हा आले आणि म्हणाले, १९७१ च्या अखेरीपर्यंत आम्ही जातो. मध्ये पौंड घसरला होता आणि हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारला खर्च झेपत नव्हता. अबू धाबीच्या शेख झायेद यांनी सैन्याचा खर्च आपण देऊ, असं सुचवलं. दुबईचीही तयारी होती. लंडनमध्ये संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी ही कल्पना जाहीरपणे झिडकारली. अरब शेखांसाठी गोऱ्या माणसांचा बाजार मांडायचा नाही, अशा अर्थाचं ते अपमानास्पद बोलले आणि नंतर त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. ज्यांनी दीडशे वर्षं आपल्या अटी लादल्या, ते पैसे घेऊनही थांबायला तयार नव्हते.

ब्रिटिशांचे करार १ डिसेंबर १९७१ ला संपणार होते. त्याच्या आदल्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, इराणच्या शहाचं आरमार होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या अबू मुसा आणि मोठ्या व छोट्या तुन्ब या बेटांवर उतरलं. कागदोपत्री ब्रिटिशांची जबाबदारी अजून एक दिवस बाकी होती. ब्रिटिश जहाजं हलली नाहीत. मोठ्या तुन्बवर रास अल खैमाचे मूठभर पोलीस होते. त्यांचा प्रमुख सालेम सुहैल बिन खमीस यानं झेंडा उतरवायला नकार दिला आणि तो मारला गेला. १८१९ मध्ये ज्या बंदरावर मुंबईच्या तोफा चालल्या, त्याच बंदराचा हा शिपाई. दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, संयुक्त अरब अमिरातीचं राष्ट्र जन्माला आलं. रास अल खैमा त्यात फेब्रुवारी १९७२ मध्ये सामील झालं. आज ३० नोव्हेंबर हा अमिरातीत हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. बेटं अजून इराणकडेच आहेत.

इथे वाचकाला एक प्रश्न पडेल, आणि तो रास्त आहे. ज्यांच्याकडे इतका पैसा आहे, ते स्वतःचं भक्कम सैन्य का उभं करत नाहीत? लोकसंख्या कमी, हे एक उत्तर. कतारमध्ये नागरिक जेमतेम तीन-साडेतीन लाख. पण सौदी अरेबियाची लोकसंख्या काही कमी नाही. खरं उत्तर शोधायचं तर गादी गेलेल्या राजांची यादी पाहावी लागते. १९५२ मध्ये इजिप्तचा राजा फारूक गेला. १४ जुलै १९५८ ला इराकचा राजा फैसल दुसरा, वय २३, बगदादच्या राजवाड्याच्या अंगणात घरच्या माणसांसह गोळ्यांना बळी पडला. १९६२ मध्ये येमेनचा इमाम गेला, १ सप्टेंबर १९६९ ला लिबियाचा राजा इद्रिस. या चौघांनाही परकीय शत्रूनं हटवलं नाही. प्रत्येक वेळी काम केलं ते त्यांच्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी. बगदादचा फैसल आणि जॉर्डनचा हुसेन हे चुलत घराण्यातले, दोघांचा जन्म १९३५ चा. हुसेन यांनी पुढे आयुष्यभर आपल्या सैन्यावर इतकं बारीक लक्ष का ठेवलं, हे वेगळं सांगायला नको.

सौदी घराण्याला याची चुणूक १९६२ च्या ऑक्टोबरातच मिळाली होती. येमेनच्या इमामाच्या बाजूनं लढणाऱ्यांसाठी शस्त्रं घेऊन निघालेले सौदी वैमानिक विमानासकट थेट कैरोला, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या आश्रयाला गेले. त्यानंतर आपल्याच विमानांकडे राजवाडा कसा पाहणार? पुढच्या वर्षी अमेरिकेची लढाऊ विमानांची एक छोटी तुकडी सौदीच्या आकाशात पहारा द्यायला आली.

म्हणून सौदी अरेबियात एक नाही, दोन सैन्यं राहिली. एक संरक्षण मंत्रालयाचं. दुसरं नॅशनल गार्ड, राजघराण्याशी निष्ठावान टोळ्यांतून भरती केलेलं, वेगळ्या राजपुत्राच्या ताब्यातलं आणि १९७५ पासून विनेल या अमेरिकी कंपनीकडून प्रशिक्षण घेणारं. पहिल्यानं बंड केलं तर दुसऱ्यानं मोडायचं. अशी रचना गादी टिकवते, पण सीमेवर लढायला ती कच्ची ठरते, कारण दोन दलांनी एकत्र लढावं अशी तिची घडणच नाही. आणि सैन्य कच्चं म्हटलं की बाहेरचा रक्षक लागणारच.

मग शस्त्रखरेदी कशासाठी? आखाती देशांच्या अब्जावधींच्या खरेदीकडे मी विम्याचा हप्ता म्हणून पाहतो. लढाऊ विमान घेताना विकणाऱ्या देशाचे तंत्रज्ञ, सुटे भाग, प्रशिक्षक आणि कारखान्यातल्या नोकऱ्या घेणाऱ्याच्या सुरक्षेशी बांधल्या जातात. विमान किती चांगलं लढतं, हा प्रश्न दुय्यम. विकणारा संकटात धावून येईल का, हा पहिला.

१९८० च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर केलं, की आखातावर ताबा मिळवण्याचा बाहेरच्या सत्तेचा कोणताही प्रयत्न अमेरिका बळानं परतवेल. २५ मे १९८१ ला सहा आखाती राजेशाह्यांनी अबू धाबीत आखाती सहकार्य परिषद स्थापन केली. पण हाक मारायची कशी, ही युक्ती खऱ्या अर्थानं साधली ती छोट्या कुवेतनं. इराण-इराक युद्धात तेलवाहू जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा कुवेतनं अमेरिकेकडे संरक्षण मागितलं आणि त्याच वेळी सोव्हिएत युनियनकडूनही जहाजं भाड्यानं घेण्याची बोलणी लावली. मॉस्को आत येतंय म्हटल्यावर वॉशिंग्टन लगबगीनं पुढे आलं. १९८७ मध्ये कुवेतच्या ११ जहाजांवर अमेरिकी झेंडा चढला. पहिल्याच ताफ्यातलं ब्रिजटन हे जहाज सुरुंगावर आदळलं, ते वेगळं. पण एका रक्षकाला जागं ठेवायचं तर दुसऱ्याला दारात उभं करावं, हा धडा आखातानं तेव्हा गिरवला.

२ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. अमीर जाबेर सौदीत निसटले. त्यांचे भाऊ शेख फहद दसमान राजवाड्यापाशी मारले गेले. चार दिवसांत अमेरिकेचे संरक्षणमंत्री डिक चेनी जेद्दाला पोचले आणि सौदीचे राजा फहद यांनी अमेरिकी सैन्याला येऊ दिलं. या वेळी हाकेला ओ मिळाली, आणि ती पाच लाख सैनिकांची होती.

महाराष्ट्रातल्या अनेक घरांना हे युद्ध दूरचं नव्हतं. रत्नागिरी, रायगड, मुंबईची माणसं कुवेतमध्ये नोकरीला होती. इराकनं कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवला आणि अनेकांची वर्षानुवर्षांची पुंजी रातोरात मातीमोल झाली. बसरा, बगदाद आणि तिथून जॉर्डनची सीमा असा वाळवंटातला प्रवास करून माणसं अम्मानला पोचली. एअर इंडियानं सुमारे दोन महिन्यांत अम्मानहून ४८८ फेऱ्या करून त्यांना परत आणलं. सुमारे १,७०,००० भारतीय सुखरूप परतले. त्यांतले बरेच जण मुंबईच्या विमानतळावर एका पिशवीनिशी उतरले. युद्ध संपल्यावर त्यांतले कितीतरी पुन्हा गेले. कारण घर, कर्ज आणि मुलांच्या फिया तिथल्या पगारावरच चालत होत्या.

पण आलेला रक्षक घरात राहिला, की त्याची वेगळी किंमत मोजावी लागते. मक्का-मदिनेच्या भूमीत अमेरिकी फौज, या एका मुद्द्यावर ओसामा बिन लादेननं सौदी घराण्याविरुद्ध आग पेटवली. २५ जून १९९६ रोजी खोबर टॉवर्सवर झालेल्या स्फोटात १९ अमेरिकी हवाई सैनिक मरण पावले. त्या हल्ल्याचा ठपका इराणच्या पाठबळावर चालणाऱ्या गटावर ठेवला गेला. अखेर २००३ मध्ये अमेरिकेनं सौदीतलं मुख्य ठाणं हलवलं आणि ते गेलं कतारमधल्या अल उदैदला. १९९५ मध्ये वडिलांना बाजूला करून गादीवर बसलेल्या शेख हमद यांना शेजारच्या मोठ्या सौदी घराण्याची भीती होतीच. हा तळ त्यांना हवा होता, तो इराणइतकाच रियाधपासूनही वाचायला.

या विषयावर लिहिणारे बहारीनच्या २०११ च्या वसंतावरून घाईघाईनं पुढे जातात. मला तसं करवत नाही. बहारीनमध्ये बहुसंख्य प्रजा शिया, घराणं सुन्नी. लोक मनामातल्या पर्ल चौकात जमले. त्यांच्या मागण्या निवडून आलेल्या सरकारच्या, हक्कांच्या, नोकऱ्यांच्या होत्या. १४ मार्चला सौदीला जोडणाऱ्या २५ किलोमीटरच्या राजा फहद सेतूवरून सुमारे १,००० सौदी सैनिक आले, अमिरातीचे सुमारे ५०० पोलीस आले. चौक रिकामा केला गेला आणि १८ मार्चला त्यातला मोत्याचा स्तंभच पाडून टाकला. स्वतः बहारीनच्या राजानं नेमलेल्या बसिउनी आयोगानं त्याच वर्षी अहवाल दिला. त्यात कोठडीतल्या छळाची नोंद आहे, आणि आंदोलनामागे इराणचा थेट हात असल्याचं समोर आलेल्या पुराव्यांवरून दिसत नाही, असंही म्हटलं आहे. त्या समुद्रकिनाऱ्यावर अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय आहे. तिथून काही हालचाल झाली नाही. तख्ताच्या रक्षणाला देशाचं रक्षण म्हणण्याची सवय किती खोल गेली आहे, हे इथे उघड दिसतं; आणि त्या चौकातली माणसंही त्याच देशाची होती. दोनच महिन्यांनी आखाती परिषदेनं जॉर्डन आणि मोरोक्को यांनाही सदस्यत्व देऊ केलं. मोरोक्को तर अटलांटिकच्या काठावर. आखाताशी त्याचा भूगोल जुळत नाही. जुळतं ते इतकंच, की तिथेही राजा आहे. ती गोष्ट पुढे सरकली नाही.

भीती फक्त प्रजेची किंवा इराणची असती तर हे राजे एकजुटीनं राहिले असते. डिसेंबर २००० मध्ये मनामात त्यांनी करार केला होता, की एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. ५ जून २०१७ च्या पहाटे त्यातल्याच सौदी, अमिराती आणि बहारीन यांनी, सोबत इजिप्तला घेऊन, कतारशी संबंध तोडले. जमीन, समुद्र, आकाश तिन्ही बंद. कतारच्या नागरिकांना निघून जायला १४ दिवस दिले. नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची अशी हजारो कुटुंबं या भागात आहेत. ती उभी चिरली गेली. शिकणारी मुलं परीक्षा सोडून परतली. सौदीच्या कुरणांत चरायला नेलेले कतारी मालकांचे हजारो उंट आणि मेंढ्या सीमेपार हाकलण्यात आल्या आणि जूनच्या उन्हात सीमेवर ताटकळत कित्येक जनावरं मेली. कतारबद्दल सहानुभूती दाखवली तर १५ वर्षांपर्यंत कैद होईल, असं अमिरातीच्या सरकारी वकिलांनी जाहीर केलं.

कतारचं सुमारे ४० टक्के अन्न सौदीच्या सीमेवरून ट्रकनं यायचं. पहिल्या दिवशी दुकानांतल्या दुधाच्या फळ्या रिकाम्या झाल्या. मग तुर्कस्तानहून दूध विमानानं आलं, इराणहून भाजीपाला बोटींनी आला. बलदना या कंपनीनं चक्क गायी विमानात घालून आणल्या. जुलैमध्ये होल्स्टिन गायींचा पहिला जथा कतार एअरवेजच्या मालवाहू विमानातून वाळवंटात उतरला. थंडगार गोठे, पाण्याचे फवारे, आयात केलेला चारा. काही वर्षांतच कतार दुधाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. पैशाच्या जोरावर हे शक्य झालं, हे खरंच. पण त्या काळातली चिकाटीही नाकारता येत नाही.

आणि रक्षक? अध्यक्ष ट्रम्प यांनी दुसऱ्याच दिवशी नाकेबंदीचं श्रेय घेणारे ट्वीट केले. आठवडाभरानं त्यांच्याच सरकारनं कतारला एफ-१५ विमानं विकण्याचा १२ अब्ज डॉलरचा करार केला. शेजाऱ्यांनी १३ मागण्या पाठवल्या. त्यात अल जझीरा बंद करा आणि तुर्कस्तानचा तळ हटवा अशा अटी होत्या. पण तुर्की संसदेनं ७ जूनलाच जादा सैन्य पाठवायला मंजुरी दिली होती. इराणशी तर कतारचं नातं तोडता येण्यासारखंच नाही, कारण दोघांचं सर्वांत मोठं वायुक्षेत्र समुद्राखाली एकच आहे. याच वायूवर भारताचाही मोठा भार आहे. पेट्रोनेटचा वर्षाला ७५ लाख टनांचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवण्यात आला. तो वायू गुजरातेत दहेजला उतरतो आणि दहेजहून एक वायुवाहिनी उरण-पनवेलपर्यंत येते. लढाऊ विमानांच्या बाबतीतही कतारनं एकावर भागवलं नाही. अमेरिकेचं एफ-१५, फ्रान्सचं राफाल, ब्रिटनचं टायफून, तिन्ही घेतली. एवढ्याशा हवाई दलाला तीन देशांची विमानं सांभाळणं त्रासाचंच. तरीही तीन राजधान्या बांधून ठेवायच्या तर तीन खरेद्या कराव्या लागतात. कुवेतचे वयोवृद्ध अमीर सबाह यांनी मध्यस्थी सोडली नाही. ते २०२० मध्ये वारले. समेट झाला तो ५ जानेवारी २०२१ ला सौदीतल्या अल उला इथे, आणि कतारनं १३ पैकी कोणतीच मोठी मागणी मान्य केलेली नव्हती.

सौदीची खात्री ढासळली ती १४ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे. अबकैक आणि खुरैस इथल्या तेल प्रक्रिया केंद्रांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येऊन आदळली. दिवसाला ५७ लाख बॅरल, म्हणजे सौदीचं निम्मं उत्पादन, थांबलं. येमेनच्या हौथी बंडखोरांनी जबाबदारी घेतली; अमेरिका आणि सौदी यांनी बोट इराणकडे दाखवलं. सौदीची महागडी पॅट्रियट यंत्रणा उंचावरून येणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी आहे. जमिनीलगत उडणारे ड्रोन तिला दिसले नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि सौदीचे राजा अब्दुलअझीझ १४ फेब्रुवारी १९४५ ला क्विन्सी या युद्धनौकेवर भेटले, तेव्हापासून तेलाच्या बदल्यात संरक्षण असा समज रूढ होता. अबकैकनंतर ट्रम्प म्हणाले, हल्ला सौदीवर झालाय, आमच्यावर नाही. इराणवर लष्करी प्रत्युत्तर झालं नाही. रियाधमध्ये त्या आठवड्यात काय वाटलं असेल, याची कल्पना करणं अवघड नाही.

अमिरातीनं १७ जानेवारी २०२२ रोजी तोच अनुभव घेतला. अबू धाबीच्या मुसफ्फा भागात तेल कंपनीच्या आवारात हौथींचे हल्ले झाले. तिघे कामगार मेले: दोन भारतीय, एक पाकिस्तानी. आखातातल्या सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय आहेत. या राज्यांचे रस्ते, रुग्णालयं, तेलविहिरी त्यांच्या हातांवर चालतात. युद्ध कधी करायचं, तह कुणाशी करायचा, यात त्यांचा शब्द नाही. पण क्षेपणास्त्र पडतं तेव्हा त्याखाली बहुधा तेच असतात. आपल्या वृत्तपत्रांत त्या दोघांची बातमी दोन दिवस राहिली आणि मग मागे पडली. मला वाटतं, मुसफ्फाची बातमी आपण जास्त काळ धरून ठेवायला हवी होती.

यानंतर आखाती राजांचं धोरण बदललं, आणि त्याला अस्थिर म्हणणं चुकीचं आहे. एकाच रक्षकावर विसंबायचं नाही, सगळ्यांनाच गुंतवून ठेवायचं. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत अमिराती भारत आणि चीनसोबत तटस्थ राहिली. १० मार्च २०२३ ला सौदी आणि इराण यांनी बीजिंगमध्ये हात मिळवले. आधीच्या बोलण्यांसाठी इराक आणि ओमाननं आपलं घर दिलं होतं. अमेरिका आणि इराण यांच्या गुप्त भेटीही मस्कतमध्येच झाल्या होत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये दुक्म बंदर वापरण्याची सोय ओमाननं भारतीय नौदलाला करून दिली. कुणाशीच शत्रुत्व न घेण्याचा ओमानचा मार्ग मला या सगळ्यांत सर्वांत शहाणपणाचा वाटतो. १५ सप्टेंबर २०२० ला अमिराती आणि बहारीननं इस्रायलशी करार केला, तोही याच हिशेबानं: अमेरिका मागे हटलीच, तर इराणविरुद्ध जवळ उभा राहील असा दुसरा कुणीतरी हवा. मोरोक्कोनं इस्रायलशी संबंध जोडण्याच्या बदल्यात पश्चिम सहारावरच्या आपल्या हक्काला अमेरिकेची मान्यता मिळवली. जॉर्डनची अवस्था सर्वांत बिकट. एप्रिल २०२४ मध्ये इस्रायलकडे निघालेले इराणी ड्रोन त्यानं आपल्या आकाशात पाडले, आणि ज्या देशात पॅलेस्टिनी मुळाची माणसं प्रचंड संख्येनं राहतात तिथल्या रस्त्यावर राजाला त्याचा जाब द्यावा लागला.

सप्टेंबर २०२५ च्या दोहा हल्ल्यानं या हिशेबातला एक मोठा आकडा चुकीचा ठरवला. इराणपासून वाचवायला ज्याला जवळ केलं, तोच एका आखाती राजधानीवर बॉम्ब टाकू शकतो, हे सगळ्यांनी पाहिलं. आठ दिवसांनी, १७ सप्टेंबरला, सौदी आणि पाकिस्तान यांनी रियाधमध्ये परस्पर संरक्षणाचा करार केला: एकावरचं आक्रमण ते दोघांवरचं. पाकिस्तानी सैनिक आणि प्रशिक्षक सौदीत अनेक दशकं येत-जात होतेच. आता त्याला कागद मिळाला, आणि त्या कागदामागे एका अण्वस्त्रधारी देशाची सावली आहे. मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात सशस्त्र संघर्ष होऊन चार महिनेच झाले होते. परिणामांचा अभ्यास करू, असं दिल्लीनं संयमानं सांगितलं. सौदी आपल्याला तेल विकते, लाखो भारतीयांना काम देते; कराची आणि मुंबई यांच्यात निवड करायची तिची इच्छा दिसत नाही. पण हाक मारायला एक नवं दार तिनं उघडून ठेवलं आहे आणि ते दार आपल्या शेजारी आहे, याकडे दिल्लीनं डोळेझाक करू नये.

२९ सप्टेंबरला इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांनी व्हाइट हाउसमधून कतारच्या पंतप्रधानांना फोन करून दिलगिरी व्यक्त केली. त्याच तारखेचा ट्रम्प यांच्या सहीचा आदेश १ ऑक्टोबरला जाहीर झाला: कतारवरचा कोणताही सशस्त्र हल्ला अमेरिका स्वतःच्या शांततेला आणि सुरक्षेला धोका मानेल. कोणत्याही अरब राजाला इतक्या स्पष्ट भाषेत असं आश्वासन याआधी मिळालं नव्हतं. दोह्यात समाधान दिसलं, रियाधमध्ये थोडा हेवाही वाटला असणार. पण हा अध्यक्षांचा आदेश आहे. पुढचा अध्यक्ष एका सहीनं तो रद्द करू शकतो. गोरोन्वी रॉबर्ट्स यांचं आश्वासन तर जेमतेम दोन महिने टिकलं होतं. सरकारं बदलली तरी बांधून ठेवणारा तह हवा असेल, तर अमेरिकी सिनेटमध्ये दोन-तृतीयांश, म्हणजे सर्व सदस्य हजर असतील तर ६७ मतं लागतात. सौदी अरेबिया गेली काही वर्षं तोच तह मागते आहे, आणि त्या बदल्यात इस्रायलला मान्यता द्या असं वॉशिंग्टन सांगत आलं आहे. गाझा आणि दोहा यांच्यानंतर ती किंमत देणं कोणत्याही अरब राजाला पूर्वीपेक्षा कितीतरी कठीण झालं आहे. ती ६७ मतं आजवर त्यांच्यापैकी एकालाही मिळालेली नाहीत.